यंत्रास दिलेली चिठ्ठी



केळझराहून सेलूच्या बाजारास निघालेल्या मुलाच्या हातीं आई चिठ्ठी देते. चिठ्ठींत ‘तेल आणावें’ एवढेंच असलें तरी मुलगा बहुधा बरोबर वस्तु घेऊन येतो, कारण फोडणीस जवसाचें तेल लागतें कीं सोयाबीनचें, अर्धा किलो लागतें कीं पांच किलो, ही घरची रीत तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. सांप्रत चिठ्ठी वाचून काम करणारा एक नवा नोकर आपल्या घरांत व शाळेंत शिरूं लागला आहे, आणि त्यास घरची रीत मुळींच ठाऊक नाहीं. त्याच्या हातीं द्यावयाची चिठ्ठी कशी असावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विषय वरवर यंत्राचा दिसतो. परंतु त्याचा मुख्य भाग स्वच्छ मराठी लिहिण्याचा आहे, म्हणूनच मजसारख्या भाषेच्या शिक्षकानें तो हातीं घेतला आहे. शिवाय या बाबतींत माझ्या हातून एक चूक घडली आहे व ती आमच्या शाळेंतील पुष्कळांस ठाऊक आहे, तेव्हां ती मींच सांगितलेली बरी.

मनुष्याची भाषा वाचून त्याच भाषेंत उत्तर लिहिणारीं यंत्रें आतां सर्वांच्या परिचयाचीं झालीं आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी लोकांपुढें आलें. त्यानंतर नववीच्या वर्गांतील कांहीं निबंध एकाएकीं निर्दोष होऊं लागले, ही गोष्ट पालकांच्या कानावर घालून मी पुढें जातों. असें यंत्र स्वभावतः केवळ बोलघेवडें असतें. तें प्रश्नाचें उत्तर लिहील, कविता समजावून देईल. परंतु कपाटांतील फाइल काढणें, तिचें नांव बदलणें, गाणें वाजविणें हें त्याच्यानें होत नाहीं, कारण त्यास हात नसतात. हे हात म्हणजेच ‘साधनें’. इंग्रजी जाणणारे लोक यांस टूल म्हणतात. एक साधन म्हणजे एकच काम करणारा लहानसा प्रोग्राम. एक शोधतें, दुसरें नांव बदलतें, तिसरें वाजवितें. अशीं साधनें हातीं आल्यावर कोणतें केव्हां चालवावें हें जें यंत्र आपलें आपण ठरवितें, त्यास एजंट असें नांव आहे. मी त्यास कारभारी म्हणतों. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक या कंपनीनें मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नांवाची एक खुली पद्धति प्रसिद्ध केली. तिच्यायोगें कोणींहि बनविलेलें साधन कोणत्याहि कारभाऱ्यास एकाच रीतीनें जोडतां येऊं लागलें, आणि आमच्यासारख्या खेड्यांतील शाळेसहि हा उद्योग करून पाहण्याची सोय झाली.

आतां मुख्य गोष्ट ध्यानांत घ्यावी. कारभाऱ्यास साधन दिसत नाहीं. प्रोग्रामच्या पोटांत काय लिहिलें आहे हें त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. त्याच्यापुढें फक्त तीन वस्तु ठेविलेल्या असतात : साधनाचें नांव, त्याचें दोनचार वाक्यांचें वर्णन, आणि तें चालवितांना कोणती माहिती पुरवावी लागते याचा तपशील. या तिहींवरून त्यानें सर्व ओळखावयाचें. दवाखान्यांतील कंपाउंडर बाटलीवरील चिठ्ठी वाचून औषध देतो, तसाच हा प्रकार आहे. आंतील औषध कितीहि गुणकारी असो, बाहेरची चिठ्ठी चुकली असेल तर देणाराहि चुकणारच, आणि तेथें त्याला बोल लावून उपयोग नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं स्नेहसंमेलनाच्या निमित्तानें आमच्या मुलांनीं एक संग्रह सुरू केला. कोणीं आजीच्या जात्यावरील ओव्या फोनवर मुद्रित करून आणिल्या, कोणीं पोळ्याच्या दिवशीं म्हटल्या जाणाऱ्या झडत्या आणिल्या, कोणीं दंडारीचे तुकडे, कोणीं नाताळांतील गीतें. शाळेच्या जुन्या संमेलनांच्या चित्रफिती होत्याच. असें सर्व मिळून चारशेंच्या आसपास फाइली जमल्या. प्रयोगशाळेंतील एका जुन्या संगणकावर जेलीफिन हा मोफत प्रोग्राम घालून आम्हीं त्या तेथें लाविल्या. २०१८ च्या डिसेंबरांत एम्बी नांवाच्या प्रोग्रामापासून फुटून हा स्वतंत्र झाला, आणि घरच्या चित्रपटांची व गाण्यांची मांडणी करण्यासाठीं तो जगभर वापरला जातो.

असल्या संग्रहाचें मोल काय, असें एका पालकांनीं मला विचारिलें होतें. त्यांस मीं पुण्याच्या गी पॉइटव्हॅं व हेमा राईरकर यांचें उदाहरण दिलें. या दोघांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यांखेड्यांतून बायकांच्या जात्यावरील ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. ‘पारी’ या नांवानें ओळखलें जाणारें ग्रामीण भारताचें दप्तर २०१७ पासून त्या ओव्या लोकांपुढें मांडीत आलें आहे. गिरण्या आल्या, जातें कोपऱ्यांत गेलें, आणि गाणाऱ्या बायका एकेक करून जात आहेत. आमच्या गांवींहि तेंच चाललें आहे.

आठवींतील एका मुलीच्या आजीनें आमच्यासाठीं तीन वेळां ओव्या म्हटल्या. पहिल्या दिवशीं त्यांनीं फोनकडे बोट करून मला विचारिलें, “मास्तर, ह्या डब्याले माह्यं गाणं समजते काय?” मीं हंसून ‘समजतें’ असें उत्तर दिलें. तिन्ही ध्वनिमुद्रणांस मुलीनें एकच नांव दिलें : ‘जात्यावरील ओव्या, आजी’. ओव्या मात्र तिन्ही दिवशींच्या निरनिराळ्या होत्या. त्या आजी आषाढांत वारल्या.

संग्रह वाढतां वाढतां मुलें एकच फाइल दोनदां तीनदां चढवूं लागलीं. म्हणून मीं एक साधन तयार केलें. त्याचें नांव ठेविलें ‘साफ करा’, आणि वर्णन लिहिलें : “संग्रह साफ करतें.” बस्स, एवढेंच. एकाच नांवाच्या अनेक फाइली दिसल्या कीं त्यांतील सर्वांत मोठी ठेवावी व बाकीच्या कायमच्या पुसून टाकाव्या, असें त्याचें काम होतें. मला तें ठाऊक होतें, आणि मला ठाऊक आहे म्हणजे चिठ्ठींत लिहिण्याची गरज नाहीं, असें माझ्या मनानें न सांगतां ठरवून टाकिलें.

संमेलन जवळ आलें तेव्हां मीं कारभाऱ्यास लिहिलें कीं ओव्यांचीं ध्वनिमुद्रणें साफ करून कार्यक्रमासाठीं तयार ठेव. माझ्या मनांत होतें कीं मागची पंख्याची घरघर व कोंबड्यांचा कलकलाट कमी करावा. कारभाऱ्यानें आपल्या साधनांच्या यादींत पाहिलें. घरघर कमी करणारें साधन होतें, परंतु त्याचें नांव मीं मोठ्या हौसेनें ‘ध्वनिसंस्कार’ असें ठेविलें होतें. दुसऱ्या साधनाच्या नांवांत ‘साफ’ हा माझाच शब्द होता. त्यानें तें चालविलें आणि अत्यंत नम्रपणें उत्तर दिलें कीं काम यशस्वी रीतीनें पूर्ण झालें आहे. तीन ध्वनिमुद्रणांपैकीं दोन गेलीं. त्या मुलीनें माझ्याकडे पाहून एवढेंच म्हटलें, “सर, दुसऱ्यांत आजी मध्येंच हंसली होती.”

यांत यंत्राचा दोष किती व माझा किती, याचा विचार मीं पुष्कळ दिवस केला. ‘साफ करणें’ या शब्दाचे आपल्या भाषेंत अर्थ तरी किती! भांडें साफ करणें म्हणजे त्यास लागलेलें खरकटें काढणें, आणि ताट साफ करणें म्हणजे त्यांतील अन्न संपविणें. शेत साफ करणें यांत तण जातें. तिजोरी साफ करणें यांत सर्वच जातें. मनुष्य प्रसंग पाहून यांतील योग्य तो अर्थ उचलतो. कारभाऱ्यापुढें प्रसंग म्हणजे माझे दोन शब्द होते. हाच भार ज्या ज्या क्रियापदांवर पडतो तीं सर्व आम्हीं आतां टाळितों : ‘व्यवस्थित करा’, ‘नीट लावा’, ‘सुधारा’, ‘हाताळा’.

त्या साधनाचें नांव आतां ‘जादा प्रती टोपलींत टाका’ असें आहे, आणि वर्णन पुढीलप्रमाणें : “ज्या फाइलींतील मजकूर अक्षरशः एकच आहे, त्यांपैकीं सर्वांत आधीं चढविलेली ठेवून इतर प्रती ‘टोपली’ या फोल्डरांत हलवितें. कांहींहि पुसत नाहीं. एकच फाइल चुकून अनेकदां चढविली गेली असेल तेव्हां वापरावें. आवाजांतील घरघर काढण्यासाठीं वापरूं नये. त्यासाठीं ‘घरघर कमी करा’ हें साधन आहे. दोन फाइलींचें नांव एकच असलें म्हणून त्या एकच आहेत असें समजूं नये. प्रथम ‘केवळ यादी दाखवा’ या रीतीनें चालवावें, यादी शिक्षकांपुढें ठेवावी, आणि त्यांचा होकार आल्यावरच फाइली हलवाव्या. काम झाल्यावर हलविलेल्या फाइलींचीं नांवें व संख्या परत देतें.”

हें वर्णन पहिल्याहून कितीतरी लांब आहे, परंतु त्यांतील एकहि वाक्य शोभेचें नाहीं. साधन काय करतें, काय करीत नाहीं, केव्हां वापरावें, केव्हां वापरूं नये व त्या वेळीं कोठें जावें, आणि शेवटीं हातीं काय येतें, हें सर्व त्यांत आहे. माझ्या अनुभवानें यांतील सर्वांत उपयोगी व सर्वांत जास्त विसरलें जाणारें वाक्य ‘वापरूं नये’ हें होय. आपण साधन बनवितों तेव्हां त्याच्या उपयोगाच्याच विचारांत असतों. शेजारच्या साधनाशीं त्याची गल्लत होईल, हें आपल्या स्वप्नींहि येत नाहीं.

आतां नांवांची गोष्ट. चित्रपटांच्या संग्रहांत नांव हें फार फसवें असतें. ‘श्यामची आई’ लाव, असें कारभाऱ्यास सांगितलें तर त्यानें आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट लावावा कीं २०२३ मध्यें निघालेला नवा? प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. २०१२ मध्यें ‘तुकाराम’ या नांवाचा दुसरा चित्रपट निघाला. उलट कधीं एकाच कृतीस दोन नांवें असतात : शांतारामांचा १९३७ चा ‘कुंकू’ हिंदींत ‘दुनिया न माने’ या नांवानें निघाला, १९३९ चा ‘माणूस’ हिंदींत ‘आदमी’ झाला, आणि १९४१ चा ‘शेजारी’ झाला ‘पडोसी’. म्हणून जेलीफिनमध्यें व प्लेक्समध्यें चित्रपटाच्या नांवापुढें कंसांत वर्ष लिहिण्याची रीत आहे. साधनाच्या वर्णनांत आम्हीं लिहितों : “नांव व वर्ष दोन्ही द्यावीं. वर्ष ठाऊक नसेल तर आधीं ‘शोधा’ हें साधन चालवावें. एकाहून अधिक चित्रपट आढळले तर स्वतः निवड करूं नये, विचारावें.”

वर्ष दिल्यानेंहि भागत नाहीं, अशीं उदाहरणें आहेत. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. पुण्यास १९६४ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें त्याचीं पहिलें व शेवटचें अशीं दोन रिळें जपलीं, आणि त्या कामीं संग्रहालयाचे पी. के. नायर यांचे परिश्रम सुप्रसिद्ध आहेत. परंतु फाळके यांनीं १९१७ मध्यें हीच कथा पुन्हां चित्रित केली होती, आणि उरलेलीं रिळें वस्तुतः त्या दुसऱ्या चित्रपटाचीं असावीं, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. जाणत्या माणसांतहि जेथें मतभेद आहे, तेथें यंत्रानें बेधडक एक वर्ष लिहून टाकूं नये. अशा स्थळीं ‘वर्ष’ या रकान्याच्या वर्णनांत ‘निश्चित नसेल तर रिकामें सोडावें, अंदाज लिहूं नये’ असें सांगावें लागतें. न सांगितल्यास कारभारी रिकामी जागा भरून काढतो. परीक्षेंत एकहि प्रश्न न सोडणाऱ्या विद्यार्थ्यासारखी त्याची खोड आहे.

गांवांच्या नांवांचेंहि तसेंच. आपला तालुका सेलू. परभणी जिल्ह्यांतहि एक सेलू आहे. केळझर म्हणजेच महाभारतांतील एकचक्रा नगरी, बकासुर येथेंच मारला गेला, असें आपण परंपरेनें सांगतों; परंतु बंगालमधील बीरभूम जिल्ह्यांतहि एकचक्रा नांवाचें गांव आहे. आमच्या मुलांनीं ‘एकचक्रा’ असा शोध घातला तेव्हां टेकडीवरील सिद्धिविनायकाच्या मंदिराचीं चित्रें मिळण्याऐवजीं वैष्णवांचीं कीर्तनें पुढें आलीं. तेव्हांपासून स्थळाच्या रकान्यांत गांव, तालुका व जिल्हा हीं तिन्ही नांवें लिहिण्याचा नियम आहे.

मापें व तारखा यांविषयीं तर जितकें स्पष्ट लिहावें तितकें थोडें. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईस कॉरोनेशन चित्रगृहांत ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आला. ही तारीख ०३/०५/१९१३ अशी लिहिली तर अमेरिकन रीतीनें वाचणारा तीस ५ मार्च म्हणेल. शिवाय त्याचा खास निमंत्रितांसाठींचा खेळ त्याआधीं २१ एप्रिल रोजीं झाला होता. तेव्हां नुसतें ‘प्रदर्शनाची तारीख’ म्हटल्यानें यांतील कोणती, हा प्रश्न उरतोच. आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, अशी आंतरराष्ट्रीय रीत १९८८ मध्यें ठरलेली आहे. ती वर्णनांत उदाहरणासह द्यावी, म्हणजे १९१३-०५-०३.

लांबीची गंमत मुलांनीं स्वतः गणित करून पाहावी. याच चित्रपटाची लांबी ३,७०० फूट सांगतात. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर एका फुटांत १६ चित्रें बसतात, म्हणजे एकंदर ५९,२०० चित्रें झालीं. आजच्या बोलपटाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास २४ या हिशेबानें, तीं सुमारें ४१ मिनिटांत संपतात. मूकपटाच्या काळीं प्रचारांत असलेल्या सेकंदास १६ या वेगानें चालविलीं तर ६१ मिनिटें ४० सेकंद लागतात. एकच फीत, आणि वीस मिनिटांचें अंतर! साधनाच्या रकान्यावर नुसतें ‘लांबी’ लिहिलें तर कारभाऱ्यानें त्यांत ३७०० घालावें, ४१ घालावें कीं ६१? ‘लांबी, सेकंदांत, पूर्णांक’ असे दोन शब्द जादा लिहिले कीं वाद मिटतो. आमच्या संग्रहांत याच कारणानें एका मुलाचें तीन मिनिटांचें भाषण तीन सेकंदांवर छाटलें गेलें. श्रोत्यांनीं त्याबद्दल फारशी तक्रार केली नाहीं, ही गोष्ट निराळी.

जेलीफिनमध्येंच एक शिकण्यासारखें उदाहरण आहे. त्यांत ‘रिफ्रेश’ म्हणून एक आज्ञा आहे, आणि ती दिली असतां प्रोग्राम तीन मार्ग पुढें ठेवितो : नव्या व बदललेल्या फाइलींचा शोध घेणें, नसलेली माहिती शोधून भरणें, आणि असलेली सर्व माहिती काढून नवी घालणें. पहिले दोन निरुपद्रवी आहेत. तिसरा मात्र आपण हातानें लिहिलेली माहितीहि पुसूं शकतो : गाणाऱ्या बाईचें नांव, तिचें गांव, ओवी कोणत्या प्रसंगाची, हें सर्व. मनुष्यापुढें तीन मार्ग स्पष्ट मांडलेले असतात म्हणून तो वांचतो. परंतु कारभाऱ्यासाठीं साधन बनविणारानें या तिहींस मिळून ‘माहिती ताजी करा’ असें एकच गोंडस नांव दिलें, तर अपघाताची तयारी पूर्ण झालीच. आम्हीं पहिल्या दोहोंचीं दोन साधनें केलीं व तिसरें कारभाऱ्यास दिलेंच नाहीं.

मराठीस एक जादा अडचण आहे, ती लिपीची. इंग्रजी अक्षरांत एकाच गाण्याचें नांव पांच मुलें पांच प्रकारें लिहितात. देवनागरींतहि सर्व आलबेल नाहीं. ‘आचार्यांस बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांस बोलवा’ यांतील भेद आपल्यास कळतो. पहिल्यानें गुरु येतात, दुसऱ्यानें स्वयंपाकी. युनिकोड या अक्षरसंकेतांत त्या दुसऱ्या ‘ऱ’ ला निराळा क्रमांक आहे, परंतु पुष्कळ शोधयंत्रें दोन्ही एकच धरतात. उलट ‘कांहीं’ व ‘काही’ हे आपल्या दृष्टीनें एकच शब्द. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं त्यांवरील न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. यंत्रास मात्र ते दोन शब्द वाटतात. आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागानें जुनी लेखनपद्धति अद्याप सोडिलेली नाहीं. परिणाम असा कीं आमचेच जुने लेख आमच्याच संगणकावर सांपडत नाहींत. म्हणून ‘शोधा’ या साधनाच्या वर्णनांत आम्हीं लिहिलें आहे : “देवनागरींत शोधावें. कांहीं न आढळल्यास अनुस्वार काढून पुन्हां एकदां शोधावें. त्यानंतरहि न आढळल्यास ‘आढळलें नाहीं’ असें सांगावें; जवळपासचें दुसरें गाणें त्याऐवजीं देऊं नये.”

हें शेवटचें वाक्य कां घालावें लागलें, तें ओघानेंच सांगतों. साधन अयशस्वी झालें असतां तें काय उत्तर देतें, हाहि चिठ्ठीचाच भाग आहे. आरंभीं आमचें साधन ‘चूक क्रमांक ४’ एवढेंच म्हणे. कारभारी बिचारा तेंच साधन सात सात वेळां चालवी, आणि शेवटीं दिसेल तें गाणें पुढें करी. आतां तें म्हणतें : “या नांवाचें ध्वनिमुद्रण नाहीं. याशीं जुळणारीं दोन नांवें आहेत, पुढें पाहा.” हा बदल एका सातवींतल्या मुलानें सुचविला. त्याचें म्हणणें असें कीं दुकानदार ‘नाहीं’ म्हणतो तेव्हां कोणत्या दुकानीं मिळेल तेंहि सांगतो.

साधनें किती असावीं, यावर आमच्यांत बराच वाद झाला. उत्साहाच्या भरांत मुलांनीं एकतीस साधनें केलीं होतीं. ‘गाणें शोधा’, ‘ओवी शोधा’, ‘भजन शोधा’, ‘जुनें गाणें शोधा’ अशीं चार एकसारखीं साधनें समोर असतां कारभारी गोंधळतो, आणि जुनें भजन मागितलें तर कोणाकडे जावें हें त्यास उमगत नाहीं. शिवाय प्रत्येक वर्णन प्रत्येक वेळीं त्यास वाचावें लागतें, व एका वेळीं त्याच्या ध्यानांत मावणाऱ्या मजकुरास मर्यादा आहे. तेव्हां वर्णनें अपुरीं नकोत तशीं पाल्हाळाचींहि नकोत. डॉ. रंगनाथन् यांनीं १९३१ मध्यें ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडिले. त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वांचवावा असें सांगतो. आमचा वाचक येथें यंत्र आहे, तरी नियम लागू पडला. एकतीस साधनांचीं सात झालीं.

वर्णन चांगलें झालें कीं नाहीं हें ओळखण्याची जी युक्ति आम्हांस सांपडली तिला संगणक लागत नाहीं. एका मुलानें वर्णन लिहावयाचें, तें कागदावर दुसऱ्या वर्गांतील, हा संग्रह कधींहि न पाहिलेल्या मुलाच्या हातीं द्यावयाचें, आणि त्यास विचारावयाचें : ‘अमुक काम सांगितलें तर तूं सातांपैकीं कोणता कागद उचलशील, व रकान्यांत काय लिहिशील?’ तो अडखळला किंवा त्यानें चुकीचा कागद उचलला, तर वर्णन पुन्हां लिहावयाचें. मुलास समजावून सांगण्याचा मोह आवरावा लागतो, कारण यंत्राच्या शेजारीं समजावून सांगावयास कोणी उभें नसतें. निबंधाच्या तासास एरवीं जांभया देणारीं मुलें या खेळांत एकेका क्रियापदावरून भांडलीं. मीं व्याकरण शिकविण्यांत अनेक वर्षें घालविलीं. ‘पुसणें’, ‘काढणें’, ‘हलविणें’ व ‘लपविणें’ यांतील भेद इतक्या आवेशानें चर्चिलेला मीं पूर्वीं ऐकिला नव्हता.

तथापि चिठ्ठी म्हणजे कुलूप नव्हे, हेंहि पालकांनीं ध्यानांत ठेवावें. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्यें साधनावर ‘हें केवळ वाचतें’ किंवा ‘हें नाश करूं शकतें’ अशी खूण करतां येते, परंतु ती खूण सूचनेपुरतीच. ती कोणाचा हात धरीत नाहीं. जें कधींच पुसलें जाऊं नये तें पुसण्याचें साधनच कारभाऱ्याच्या हातीं देऊं नये, आणि मूळ फाइलींची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. आम्हीं आतां ती एका डिस्कवर मुख्याध्यापकांच्या कपाटांत ठेवितों. तसेंच परक्यानें लिहिलेलें साधन घेतांना त्याचें वर्णन आधीं आपण वाचावें. कारण कारभारी त्यांतील प्रत्येक वाक्य आज्ञा म्हणून मानूं शकतो, आणि वाईट हेतूच्या माणसानें त्यांत भलतीच आज्ञा घुसडल्याचे प्रकार जगांत उघडकीस आले आहेत.

आजींच्या दोन गेलेल्या ध्वनिमुद्रणांपैकीं एक त्या मुलीच्या वडिलांच्या फोनमध्यें सांपडलें. तें तिसऱ्या दिवसाचें होतें. दुसऱ्या दिवसाचें सांपडलें नाहीं. उरलेल्या दोहोंस मुलीनें स्वतः नवीं नांवें दिलीं असून, गाणारीचें नांव, गांव, तालुका, जिल्हा, तारीख व ओव्यांचा प्रसंग हे रकाने भरले आहेत. प्रसंगाच्या रकान्यांत तिनें लिहिलें आहे : ‘लेक सासरीं जातांना’.

ज्या घरीं जुनीं ध्वनिमुद्रणें असतील, मग तीं फोनमधील असोत वा कॅसेटवरील, त्यांनीं तीं दिवाळीच्या सुटीनंतर शाळेंत आणून द्यावीं. कॅसेट त्याच दिवशीं परत मिळेल. सोबत एका कागदावर गाणारें वा बोलणारें माणूस कोण, मुद्रण कोठें झालें, आणि वर्ष चार आंकड्यांत, एवढें अवश्य लिहावें. वर्ष आठवत नसेल तर ती जागा तशीच रिकामी ठेवावी.